काम सुरू होण्याआधीची दहा मिनिटं

सकाळचे साडेआठ. पुण्याच्या पश्चिमेला, बालेवाडी-महाळुंगेच्या पट्ट्यात, बारा-पंधरा मजले चढलेल्या इमारतींच्या पायथ्याशी पिवळ्या हेल्मेटांच्या रांगा लागतात. एका बाजूला सळई बांधणारे, दुसऱ्या बाजूला शटरिंगचे सुतार, मागे गवंडी आणि बिगारी. टॉवर क्रेन अजून थांबलेली असते, काँक्रीटच्या गाड्या गेटबाहेर उभ्या असतात. समोर सेफ्टी ऑफिसर, हातात रजिस्टर. पुढच्या दहा मिनिटांच्या बोलण्याला साइटवर ‘टीबीटी’ म्हणतात, म्हणजे टूलबॉक्स टॉक. मोठ्या साइटवर ती रोज होते, पाळी सुरू होण्याआधी, ज्या त्या टोळीसोबत.

ही दहा मिनिटं दोन तऱ्हांनी जातात. एका तऱ्हेत सुपरवायझर पाठ झालेली वाक्यं म्हणतो: हेल्मेट घाला, बेल्ट लावा, मोबाइलवर बोलू नका. रजिस्टर रांगेतून फिरतं, सह्या आणि अंगठे उमटतात, एक फोटो निघतो आणि साइटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो. दुसऱ्या तऱ्हेत सेफ्टी ऑफिसर आधी विचारतो, “आज कुठे काम आहे?” मग एखादा सळईवाला सांगतो की सातव्या मजल्यावरच्या डक्टवरची प्लायवूडची फळी काल संध्याकाळी प्लंबिंगवाल्यांनी काढली होती, ती परत बसलेली नाही. टोळी खालीच थांबते. दोन माणसं वर जाऊन फळी ठोकून येतात, मग काम सुरू होतं.

दोन्ही सकाळी कागद सारखाच तयार होतो. तारीख तीच, विषय ‘उंचीवरील काम’ हाच, सह्याही तेवढ्याच. पण एका सकाळी सातव्या मजल्यावरचा खड्डा उघडा राहतो आणि दुसऱ्या सकाळी तो झाकला जातो. बांधकामावरच्या सुरक्षेचा सगळा प्रश्न या फरकात आहे.

धोक्याची यादी कशी बनते

टीबीटीच्या मागे एक मोठा दस्तऐवज असतो. साइटवर त्याला ‘हिरा’ म्हणतात. हॅझर्ड आयडेंटिफिकेशन अँड रिस्क असेसमेंट या नावाची ही आद्याक्षरं. लांबलचक तक्ता असतो तो. पहिल्या रकान्यात काम, मग कामाचे टप्पे, प्रत्येक टप्प्यातला धोका, तो कुणाला होऊ शकतो, घडण्याची शक्यता किती आणि घडलं तर इजा किती गंभीर. शक्यता आणि गंभीरता यांना बहुतेक ठिकाणी एक ते पाच असे गुण देतात आणि त्यांचा गुणाकार करतात. गुणाकार वीस-पंचवीसच्या घरात गेला तर उपाय होईपर्यंत काम सुरू करायचं नाही, अशी पद्धत. ‘आयएसओ ४५००१’ हे २०१८ सालचं आंतरराष्ट्रीय मानकही धोके ओळखण्याचं काम सतत चालू ठेवायला सांगतं.

उपायांचाही एक क्रम ठरलेला आहे. धोका मुळातच काढून टाकता आला तर सर्वांत उत्तम. नाही तर कमी धोक्याची पद्धत वापरायची. तेही जमत नसेल तर कठडा, जाळी, झाकण असा माणसाच्या सावधपणावर अवलंबून नसलेला अडथळा उभा करायचा. त्यानंतर नियम, प्रशिक्षण, फलक. हेल्मेट आणि हार्नेस सर्वांत शेवटी, कारण बाकी सगळं फसल्यावर उरणारा तो आधार आहे.

डक्टचंच उदाहरण घेऊ. पाइप वर नेण्यासाठी प्रत्येक मजल्याच्या स्लॅबमध्ये चौकोनी भोक सोडतात. त्यावर टाकलेली फळी कुणीही उचलू शकतं. पण स्लॅब ओततानाच त्या भोकात सळयांची जाळी सोडली आणि पाइप टाकायच्या दिवशीच ती कापली, तर मधल्या काही महिन्यांत तिथून माणूस खाली जाऊच शकत नाही. ‘सावधान’ असा फलक, त्यावर ठोकलेली फळी आणि स्लॅबमधली जाळी हे तीनही उपाय हिराच्या एकाच रकान्यात मावतात. जीव वाचवण्याची त्यांची ताकद मात्र सारखी नाही.

प्रत्यक्षात बऱ्याच तक्त्यांत हा क्रम उलटा झालेला दिसतो. कुठल्याही धोक्यासमोर ‘हेल्मेट, बूट, हार्नेस वापरावा’ हे उत्तर ठरलेलं. हार्नेसचं गणित पाहिलं की हे उत्तर किती अपुरं आहे ते कळतं. पडणाऱ्या माणसाला झेलताना आधी दीड-दोन मीटरची दोरी ताणली जाते, मग धक्का शोषणारी शिवण उसवत जाऊन आणखी दीड-पावणेदोन मीटर लांबते, त्यात माणसाची उंची आणि थोडी मोकळी जागा धरावी लागते. पायाच्या पातळीवर हूक लावलेला माणूस सुखरूप थांबायला खाली साधारण सहा मीटर मोकळे हवेत. एक मजला असतो तीन मीटरचा. म्हणजे पहिल्या मजल्याच्या कडेवर, पायापाशी हूक लावून काम करणारा माणूस हार्नेस असूनही जमिनीवर आदळतो. हूक डोक्याच्या वर लावला तर चित्र बदलतं. म्हणून ‘हार्नेस वापरावा’ एवढं लिहून भागत नाही. हूक कशाला लावायचा, तो आधार कुणी तपासला आणि खाली किती जागा आहे, हेही लिहावं लागतं.

दुसरा दोष नकलेचा. आधीच्या प्रकल्पाची फाइल उघडायची, नाव बदलायचं, छापायचं. पण जमीन बदलली की धोका बदलतो. नवी मुंबईत खाडीलगतचा मऊ चिखल खचतो. पुण्यात वर मुरूम आणि खाली काळा कातळ लागतो, तिथे फोडकामाचे हादरे आणि कडेचे सुटे दगड सांभाळावे लागतात. खोदकामासाठीचं ‘आयएस ३७६४’ हे भारतीय मानक सांगतं की मातीतला दीड मीटरहून खोल चर आधार दिल्याशिवाय ठेवू नये, आणि उपसलेली माती चराच्या काठापासून किमान दीड मीटर किंवा चराच्या निम्म्या खोलीइतकी, जे जास्त असेल तेवढी, दूर टाकावी. एक घनमीटर माती दीड टनाहून जड असते. चरात वाकून काम करणाऱ्या माणसावर तेवढी माती आली तर त्याला श्वासासाठी छातीही फुगवता येत नाही. हा धोका कार्यालयात बसून दिसत नाही. तक्ता भरणाऱ्याने चराच्या काठावर उभं राहायला हवं, तेही आदल्या रात्री पाऊस झाला असेल तेव्हा.

परवाना म्हणजे कुणाच्या हातातली किल्ली

काही कामांना हिरा आणि टीबीटी यांच्या पलीकडे त्या दिवसापुरता वेगळा परवाना लागतो. वेल्डिंग, उंचीवरचं काम, खोल खोदकाम, बंदिस्त टाकीत उतरणं, जड वजन उचलणं, रात्रपाळी. या ‘वर्क परमिट’वर जागा, वेळ, तपासलेल्या गोष्टी आणि परवानगी देणाऱ्याची सही असते. पाळी संपली की परवाना बंद करायचा, दुसऱ्या दिवशी नव्याने घ्यायचा.

काँक्रीट ओतण्याआधी भरतात ते ‘पोअर कार्ड’ याच जातीचं. शटरिंग, सळई, वीज आणि प्लंबिंग असे ज्याचे त्याचे जबाबदार लोक पाहणी करून सही करतात आणि मगच पंप सुरू होतो. त्यामागचं ओझं मोठं आहे. पंधरा सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचं ओलं काँक्रीट एका चौरस मीटरला पावणेचारशे किलोच्या आसपास भरतं. त्यावर माणसं, पंपाचा पाइप, व्हायब्रेटरचे हादरे. काँक्रीट घट्ट होईपर्यंत हे सगळं खालच्या टेकूंनी पेलायचं असतं. २९ जुलै २०१६ रोजी बालेवाडीत एका उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावर स्लॅबचं काम सुरू असताना तो कोसळला आणि नऊ मजुरांचा जीव गेला. ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री येरवड्यातल्या शास्त्रीनगरमध्ये तळघराच्या कामावर बांधलेली सळयांची जड जाळी कोसळून पाच मजूर दगावले. ते बिहारमधून आलेले होते. ऑगस्ट २०२३ सुरू होतानाच्या रात्री शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारं यंत्र कोसळलं, वीस जण मेले. तिन्ही ठिकाणी काम अर्धवट अवस्थेत होतं. पूर्ण झालेली इमारत स्वतःचा भार पेलते. अर्धवट इमारतीचा भार मात्र टेकू, दोर, बोल्ट अशा तात्पुरत्या गोष्टींवर असतो आणि त्यांची स्थिती रोज बदलते. म्हणून त्यांची तपासणीही रोज व्हावी लागते आणि ती कुणी केली हे लिहून राहावं लागतं.

लिहिलेलं पुढच्या माणसापर्यंत पोचलं नाही तर काय होतं, याचा सर्वांत कठोर धडा उत्तर समुद्रात मिळाला. ६ जुलै १९८८ रोजी पायपर अल्फा या तेल-मंचावर दुरुस्तीसाठी एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह काढून ठेवलेला होता. तसा परवानाही लिहिलेला होता. पाळी बदलताना ती बाब पुढच्या पाळीला कळली नाही. रात्री चालू पंप बंद पडला म्हणून त्यांनी हाच पंप सुरू केला, वायू गळला, स्फोट झाला आणि १६७ माणसं गेली. लॉर्ड कलेन यांच्या चौकशीत परवान्यांच्या पद्धतीतले आणि पाळी-बदलातले दोष स्पष्टपणे मांडले गेले. परवाना ज्या जागेचा आहे त्या जागेवर लावावा आणि पाळी बदलताना तोंडी सांगूनही सोपवावा, याची गरज त्या रात्रीने दाखवली.

टाकीत उतरण्याच्या परवान्याचा प्रश्न मुंबईत आजही जिवंत आहे. मार्च २०२५ मध्ये नागपाड्यात एका बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत पाण्याची टाकी साफ करायला उतरलेले चार मजूर गुदमरून मेले. बंदिस्त जागेत प्राणवायू कमी झाला तर वास येत नाही, डोळ्यांची आग होत नाही. माणूस सरळ बेशुद्ध पडतो. म्हणून उतरण्याआधी यंत्राने हवा मोजायची, पंख्याने ती खेळती ठेवायची, तोंडाशी एक माणूस सतत उभा ठेवायचा आणि आतला पडला तर मागोमाग उडी घ्यायची नाही, हे परवान्यावर लिहिलेलं असतं. ते वाचून दाखवायला पाच मिनिटं पुरतात.

महिन्याची बैठक

रोजच्या टीबीटीवर लक्ष ठेवायला महिन्याची सुरक्षा समितीची बैठक असते. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीचा १९९६ चा केंद्रीय कायदा सांगत होता की जिथे पाचशे किंवा अधिक बांधकाम कामगार आहेत तिथे अशी समिती हवी. तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत. १९९८ च्या केंद्रीय नियमांनुसार समितीने महिन्यातून किमान एकदा भेटणं आणि कार्यक्रमपत्रिका व इतिवृत्त बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत असणं आवश्यक होतं. पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमण्यासाठीची संख्या २५० वर आणली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चारही कामगार संहिता लागू केल्या.

या तरतुदी मन लावून वाचल्या तर त्यांतला विचार फार चांगला आहे. ज्याच्या डोक्यावर वीट पडू शकते त्याला टेबलाशी खुर्ची द्या, निम्म्या खुर्च्या द्या, आणि जे ठरलं ते त्याच्या भाषेत त्याच्या हाती ठेवा.

साइटवर मात्र खुर्च्यांची वाटणी वेगळी असते. टेबलाभोवती प्रकल्प व्यवस्थापक, अभियंते, सल्लागार आणि ठेकेदारांचे सुपरवायझर बसतात. कामगारांचा प्रतिनिधी म्हणून बहुधा मुकादम येतो. तो टोळी घेऊन आलेला असतो, कामाचे पैसे त्याला चौरस फुटावर किंवा टनावर मिळतात, आणि काम थांबलं की तोटा त्याचाच. धोका सांगण्याचा आणि काम थांबवण्याचा भार अशा माणसावर टाकणं हा व्यवस्थेचा दोष आहे. इतिवृत्त बऱ्याच ठिकाणी इंग्रजीत लिहितात, तर खाली रांगेत बिहार, झारखंड, बंगाल, मराठवाडा आणि तेलंगणातली माणसं उभी असतात. चित्रं काढून, मोबाइलवर हिंदी, बंगाली, तेलुगूत आवाज ध्वनिमुद्रित करून हे अंतर कमी करता येतं, आणि काही साइटवर तसं होतंही.

दिवाळीनंतरचे आठवडे यात विशेष नाजूक. छटपूजेला गावी गेलेल्या टोळ्या परततात तेव्हा त्यांच्यात नवे चेहरे असतात. कालपर्यंत शेतात असलेला मुलगा आज विसाव्या मजल्यावर उभा राहतो. वीस मीटरवरून पडणारी वस्तू दोन सेकंदांत खाली येते, वेग ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्याला गेटवरच अडवून आधी ‘इंडक्शन’, म्हणजे साइटच्या धोक्यांची आणि नियमांची ओळख, करून देणं, पहिले काही दिवस जुन्या माणसाची जोडी देणं, ही त्या महिन्यातली सर्वांत महत्त्वाची नोंद असायला हवी.

न घडलेल्या अपघातांची वही

एच. डब्ल्यू. हाइनरिक या अमेरिकी विमा क्षेत्रातल्या माणसाने १९३१ मध्ये एक गुणोत्तर मांडलं: एका गंभीर इजेमागे २९ किरकोळ इजा आणि ३०० विनाइजा प्रसंग. नंतरच्या अभ्यासकांनी त्या आकड्यांवर योग्य आक्षेप घेतले आहेत. पण त्यातून निघालेली ‘निअर मिस’ नोंदवण्याची पद्धत टिकली. हातोडा पडला, कुणाला लागला नाही. क्रेनचा पट्टा घसरला, खाली कुणी नव्हतं. हे लिहून ठेवलं तर पुढचा हातोडा दोरीने बांधता येतो.

इथे एक सापळा आहे. साइटच्या गेटवर मोठा फलक असतो: ‘अपघाताविना इतके दिवस’. आकडा वाढला की टोळीला बक्षीस. हेतू चांगला, पण परिणाम उलटा होऊ शकतो. बोट चेपलेला माणूस कॅम्पवर झोपून राहतो, मुकादम स्वतःच्या पैशाने पट्टी करून आणतो, कारण आकडा शून्यावर न्यायचा नसतो. ज्या साइटवर महिन्यात एकही निअर मिस लिहिली जात नाही, तिथे लोक गप्प बसले आहेत असं समजावं. बक्षीस द्यायचंच तर सांगणाऱ्याला द्यावं.

जपानमध्ये १९७० च्या दशकात पोलाद उद्योगातून ‘कीकेन योची’ ही रीत रुजली. तिचा उगम १९७४ मध्ये सुमितोमो मेटल या कंपनीत झाला. टोळी कामाच्या जागेसमोर उभी राहते आणि चार प्रश्नांतून जाते: इथे काय धोका दडलाय, त्यातला मोठा कोणता, आपण काय करू शकतो, आज काय करायचं ठरलं. शेवटी सगळे बोट दाखवून तो निर्णय मोठ्याने म्हणतात. या रीतीत बोलणारा सेफ्टी ऑफिसर नसतो, टोळी असते.

शस्त्रक्रियागृहाने बांधकामाकडून घेतलेला धडा

शल्यविशारद अतुल गावंडे यांच्या वडिलांचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळचं. ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ या २००९ च्या पुस्तकासाठी गावंडे बोस्टनमधल्या एका बांधकामावर गेले. इतक्या वेगवेगळ्या कारागिरांचं काम चुकीशिवाय जुळतं कसं, हे त्यांना पाहायचं होतं. तिथे त्यांना दोन प्रकारच्या याद्या दिसल्या. एका यादीत कोणतं काम कोणत्या दिवशी करायचं ते होतं. दुसऱ्या यादीत कोणत्या विषयावर कुणी कुणाशी कोणत्या तारखेपर्यंत बोललंच पाहिजे, ते होतं. बोलणं झाल्याची नोंद झाल्याशिवाय पुढचं काम हलत नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया-यादीत गावंडे यांच्या गटाने हाच विचार आणला. चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, ही त्यातली एक पायरी. एकदा बोललेला माणूस पुढे शंका आली तर बोलायला कमी कचरतो. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. बांधकामाच्या कागदाची खरी ताकद हीच आहे. तो माणसांना एकमेकांशी बोलायला लावतो, आणि बोलणं झालं नसेल तर काम अडवतो. केवळ दाखवण्यापुरता भरला तर त्याच्यातला हा गुण निघून जातो.

यादीबाहेर राहिलेली माणसं

हिराचा तक्ता कामापासून सुरू होतो आणि कामाशी संपतो. पण मजूर साइटवर झोपतोही. २९ जून २०१९ च्या पहाटेपूर्वी कोंढव्यात सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. लहान मुलांसह पंधरा जण मेले. तीनच दिवसांनी आंबेगावात तशीच भिंत पडून सहा जण गेले. २४ ऑक्टोबर २०२४ ला भोसरीत लेबर कॅम्पमधली पाण्याची तात्पुरती टाकी फुटून कोसळली आणि पाच मजूर दगावले. यांतलं कुणी उंचीवर नव्हतं, खोदकामात नव्हतं. लेबर कॅम्पची जागा, शेजारची भिंत, टाकीचा चौथरा, विजेच्या तारा आणि मुलांची खेळण्याची जागा हे सगळं धोक्याच्या यादीत आलं पाहिजे, आणि ती यादी पावसाळ्याआधी नव्याने तपासली पाहिजे.

कागदाचा आणखी एक उपयोग अपघातानंतर कळतो. महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीसाठी वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदाराच्या हाताखालच्या ठेकेदाराकडे काम करणाऱ्याला तो सहज मिळत नाही. गेटच्या रजिस्टरात त्याचं नाव नीट असेल, इंडक्शनची नोंद असेल, तर तो त्या जागी होता हे त्याच्या घरच्यांना सिद्ध करता येतं.

आणि मोठ्या साइटच्या बाहेरचं जग तर कुठल्याच समितीत येत नाही. नाक्यावरून सकाळी उचललेले चार मजूर, दोन मजली घराचं सेंट्रिंग, गच्चीवरून दोर सोडून लटकणारे रंगारी. १९९६ चा कायदाही दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेपासूनच सुरू होत होता. त्याखालच्या कामावर टीबीटी नाही, परवाना नाही, कुणी विचारणारा नाही.

तिथे विचारणारे तुम्ही होऊ शकता. तुमच्या सोसायटीत रंगकामाचं किंवा गळतीचं कंत्राट मंजुरीला येईल तेव्हा दराइतकाच वेळ काही प्रश्नांना द्या. झुल्याच्या दोराखेरीज प्रत्येक माणसासाठी वेगळा दोर आहे का, तो गच्चीच्या कठड्याला न बांधता कोणत्या भक्कम जागी बांधणार, रोज सकाळी तो कोण तपासणार, टाकीत कुणी कसं उतरणार, आणि धोका दिसला तर काम थांबवण्याचा अधिकार कुणाला. कामावर येणाऱ्या प्रत्येकाचं नाव दारावरच्या वहीत लिहून घ्या. थांबलेल्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही, हे करारात घाला. ही उत्तरं मिळाल्याशिवाय कंत्राटावर सही करू नका.